खाडा, हातमोजा आणि नोरोव्हायरस

एप्रिल २००९. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॉनोव्हर नावाच्या छोट्या गावात डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांना स्वयंपाकघरात कंटाळा आला. एकाने सँडविचवर घालायचं चीज आधी स्वतःच्या नाकपुडीत खुपसलं, दुसरीने हसत हसत त्याचं चित्रण केलं आणि ते यूट्यूबवर टाकलं. दोन-तीन दिवसांत दहा लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं. दोघांची नोकरी गेली, गुन्हा दाखल झाला, कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याला यूट्यूबवरच येऊन माफी मागावी लागली. ते पदार्थ गिऱ्हाइकांना दिलेच नव्हते, असं त्या दोघांचं म्हणणं होतं. ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत अर्थातच कुणी नव्हतं.

असले व्हिडिओ आता आपल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून येतात. खाली ‘बाहेरचं खाणं बंद करा’ असा उपदेश असतो आणि त्याच रात्री त्याच सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीवाल्यांची रांग लागलेली असते. किळस येणं अगदी स्वाभाविक आहे. मात्र किळस आणि धोका हे दोघे नेहमी एकाच वाटेने जात नाहीत. बहुतेक वेळा उलट्या दिशेला असतात, असं माझं मत आहे.

पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. फळांच्या रसाच्या ग्लासात त्याने मेलेलं, पूर्ण निर्जंतुक केलेलं झुरळ बुडवून बाहेर काढलं आणि लोकांना तो रस देऊ केला. झुरळावर एकही जिवंत जंतू नाही हे सांगूनही लोक तोंड फिरवत. बुद्धीला पटलं होतं, जिभेला पटत नव्हतं. किळस ही रोगापासून वाचण्यासाठी उत्क्रांतीत घडलेली भावना आहे असं मानतात, पण ती घडली तेव्हा सूक्ष्मदर्शक नव्हता. डोळ्यांना दिसेल त्यालाच ती घाबरते.

आता ते नाकातलं चीज जंतूंच्या बाजूने पाहू. निरोगी माणसांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जीवाणू मुक्कामाला असतो. अन्नातून होणाऱ्या उलट्यांच्या मोठ्या कारणांपैकी तो एक. पण उलट्या होतात त्या जीवाणूमुळे नाही, त्याने तयार केलेल्या विषामुळे. पुरेसं विष व्हायला जीवाणूंची संख्या ग्रॅममागे लाखाच्या घरात जावी लागते, आणि त्याला हवा वेळ आणि ऊब. नाकाला लागलेलं चीज कुणी लगेच खाल्लं तर ते शिसारी आणणारं खरं, पण त्याचं पोट बिघडायची शक्यता फार कमी.

याउलट दुसरं चित्र बघा. एका सँडविचवाल्याच्या स्वयंपाकघरात सकाळी अकरा वाजता बटाटे उकडून, सोलून, हाताने कुस्करून ठेवले. कुस्करणाऱ्याच्या बोटावर दोन दिवसांपूर्वीची चीर आहे, जराशी पिकलेली. मुलगा प्रामाणिक आहे, हात धुऊनच कामाला लागलाय. पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं. मे महिना, आत पस्तीस अंश. अशा उबेत हा जीवाणू अर्ध्या तासाला दुप्पट होतो असं धरा: कागदावरच्या हिशेबाने हजाराचे पाच तासांत दहा लाख होतात. चारच्या गर्दीला ती भाजी पावात भरून सँडविच कडक भाजून दिलं. भाजण्यात बरेचसे जीवाणू मेले. विष मात्र उकळत्या तापमानालाही दाद देत नाही. खाणाऱ्याला एक ते सहा तासांत उलट्या सुरू. इथे कुणी कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं, आणि व्हिडिओ काढला असता तर तो कुणी शेवटपर्यंत पाहिलाही नसता.

पण या सगळ्यात मोठा गुन्हेगार वेगळाच आहे: नोरोव्हायरस. जुलाब-उलट्या झालेल्या माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत त्याचे कण अब्जावधी असू शकतात आणि दुसऱ्याला आजारी पाडायला दहा ते शंभर कणही पुरतात. नखाखाली डोळ्याला न दिसेल एवढी घाण राहिली तरी शेकडो माणसांची सोय झाली. त्यात हा विषाणू चिवट. त्याला मेदाचं बाह्य आवरण नसतं, त्यामुळे मेद विरघळवून विषाणू मोडणारं अल्कोहोल त्याच्यावर फारसं चालत नाही. करोनाकाळापासून काउंटरवर ठेवलेली सॅनिटायझरची बाटली इथे जवळजवळ शोभेची. साबण आणि वाहतं पाणी त्याला मारत नाही, पण चोळून चोळून हातावरून धुऊन काढतं, आणि तेच कामाचं.

डिसेंबर २०१५मध्ये चिपोटले या अमेरिकी रेस्टॉरंट-साखळीच्या बोस्टनमधल्या एका शाखेतून १४० च्या आसपास माणसं नोरोव्हायरसने आजारी पडली. पुढे चौकशीत आलेली हकीकत वाचण्यासारखी आहे. तिथल्या एका शिकाऊ व्यवस्थापकाला रेस्टॉरंटमध्येच उलटी झाली होती. कंपनीचा लेखी नियम सांगत होता, आजारी असाल तर घरी जा. वरिष्ठाने सांगितलं, काम चालू ठेव. दोन दिवसांनी त्याच कर्मचाऱ्याने बोस्टन कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची ऑर्डर बांधायला मदत केली. खेळाडू आजारी पडले. २०२० साली या आणि अशाच इतर प्रकरणांपोटी कंपनीने अडीच कोटी डॉलरचा फौजदारी दंड भरायचं कबूल केलं. अमेरिकेत अन्नसुरक्षेच्या खटल्यात तोवर एवढा दंड झालेला नव्हता.

गैरवर्तन कुणाचं, हे आता ज्याने त्याने ठरवावं. उलटी झालेल्या पोराचं, की ‘काम कर’ म्हणणाऱ्याचं?

हा एखाददुसरा अपवाद नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ ते २०१९ या काळातल्या, रेस्टॉरंटसारख्या ठिकाणांशी निगडित ८०० उद्रेकांचा अभ्यास केला. जिथे कारणं शोधता आली अशा उद्रेकांपैकी सुमारे ४० टक्क्यांत आजारी कामगाराचा हात निघाला.

मुंबईत या प्रश्नाला एक खास शब्द चिकटलेला आहे: खाडा. रोजंदारीवर किंवा तशाच पगारावर काम करणाऱ्या पोराला खाडा पडला की पैसे कापले जातात. शनिवार-रविवारी खाडा केला तर नोकरीही जाऊ शकते. सकाळी पाच वेळा संडासला जाऊन आलेला माणूस फोन करतो, समोरून उत्तर येतं, “गोळी घे आणि ये.” तो गोळी घेतो आणि येतो. जुलाब थांबवणाऱ्या गोळीने आतड्याची हालचाल मंदावते, विषाणू बाहेर पडणं थांबत नाही. पोट पूर्ववत झाल्यावरही दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, विषाणू विष्ठेतून येत राहतो. म्हणून जुलाब-उलट्या थांबल्यानंतर निदान ४८ तास अन्नाला हात लावू नये, असा सल्ला दिला जातो. दोन दिवस! तेही बरं वाटायला लागल्यानंतरचे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे. लहान आस्थापनांना ती लागू नाही, आणि जिथे लागू आहे तिथे ती कोण मागतो आणि कोण देतो, ते कुठल्याही काउंटरमागच्या पोराला विचारा.

पोटासाठी आजार लपवण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं, मेरी मॅलनचं. ही न्यूयॉर्कची स्वयंपाकीण. स्वतः ठणठणीत, पण टायफॉइडचे जीवाणू अंगात बाळगून होती. ती जिथे कामाला जाई त्या घरात टायफॉइड निघे. जॉर्ज सोपर नावाच्या अभियंत्याने माग काढला आणि १९०७ साली तिला अलग ठेवलं गेलं. सोपरला प्रश्न पडला होता की शिजवलेल्या अन्नातून जीवाणू जातील कसे? उत्तर सापडलं आइस्क्रीममध्ये. ताजे पीच चिरून घातलेलं तिच्या हातचं आइस्क्रीम घरच्यांचं लाडकं होतं, आणि ते चुलीवर चढत नव्हतं. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१०मध्ये तिला सोडलं. कपडे धुण्याच्या कामात पैसे कमी मिळत. १९१५मध्ये एका प्रसूतिगृहात टायफॉइडची साथ आली तेव्हा ती तिथे दुसऱ्या नावाने स्वयंपाक करताना सापडली. मग १९३८मध्ये मरेपर्यंत ती एकांतवासातच राहिली. तिचं वागणं चूक होतंच. पण तिला स्वयंपाकाइतके पैसे देणारं दुसरं काम कुणी दिलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

‘पण आता सगळे ग्लव्ह्ज घालतात ना!’ घालतात. दादर स्टेशनाबाहेर संध्याकाळी सातच्या गर्दीत एखाद्या फ्रँकीच्या काउंटरपाशी दहा मिनिटं उभे राहा आणि फक्त हातमोज्यावर नजर ठेवा. तो अंडं फोडतो, टरफल डब्यात टाकतो. त्याच मोज्याने शंभराची नोट घेऊन सुटे देतो. ‘पेमेंट आलं का बघ’ म्हणून मोबाइलचा पडदा सरकवतो. मनगटाने कपाळाचा घाम टिपतो, फ्रिजचं हँडल ओढतो, ओट्यावर ओलं फडकं फिरवतो आणि मग चिमूटभर कच्चा कांदा उचलून रोलवर पसरतो. मोजा त्याच्या हाताला स्वच्छ ठेवतोय, तुमच्या कांद्याला नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत रेस्टॉरंट कामगारांना प्रत्यक्ष काम करताना न्याहाळलं गेलं. जिथे हात धुवायला हवे होते अशा प्रसंगांपैकी जेमतेम २७ टक्के वेळा ते नीट धुतले गेले, आणि मोजे घातलेले असताना धुण्याचं प्रमाण आणखी कमी होतं. मोजा घातला की हात स्वच्छच आहे असं वाटू लागतं. ओट्यावरच्या त्या फडक्याबद्दल तर न बोललेलंच बरं. ओलावा, ऊब आणि अन्नाचे कण एकाच जागी. जंतूंना आणखी काय हवं?

या सगळ्या हिशेबात आपला वडापाव कुठे बसतो? मला तरी तो बऱ्याच बर्गरांच्या वर दिसतो. वडा १७०-१८० अंशांच्या तेलातून थेट पावात जातो. पाव कोरडा. लसणीची लाल चटणी इतकी कोरडी की जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. ही ढाल फुटते ती हिरव्या चटणीपाशी: कच्ची कोथिंबीर, कसलंसं पाणी, आणि सकाळपासून उघडं पातेलं. थंड झालेला वडाही त्याच जातीचा. बर्गरमध्ये मात्र कच्चं लेट्यूस, टोमॅटो, मेयोनीज हे सगळं भाजलेल्या टिक्कीनंतर, हाताने घातलं जातं. त्यानंतर जंतू मारणारी पायरीच नाही.

मेयोनीजचं प्रकरण गंभीर आहे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो. कारखान्यातल्या मेयोनीजला पाश्चरीकृत अंडं आणि आम्ल तारून नेतात. गाडीवर मिक्सरमध्ये फिरवलेल्या मेयोनीजला नेहमीच नाही. केरळने जानेवारी २०२३मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, पुढे तेलंगणा आणि तामिळनाडूनेही घातली. शोरमाचं दुखणं वेगळं: उभ्या सळईवर बाहेरचा थर भाजला जातो आणि आतलं मांस बराच वेळ कोमट राहतं. पाच ते साठ अंश हा जंतूंचा आवडता पट्टा, आणि शोरम्याचा गाभा तासन् तास तिथेच अडकू शकतो. मे २०२४मध्ये मानखुर्दला रस्त्यावरचा चिकन शोरमा खाल्ल्यावर एका १९ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. विक्रेत्यांना अटक झाली.

कायद्याकडे बघितलं तर आपल्याकडे काही कमी नाही. २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली अस्वच्छ परिस्थितीत अन्न बनवल्यास एक लाखापर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर किमान सात वर्षं कैद, जन्मठेपेपर्यंत. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस हवी. जुलाब, उलट्या, कावीळ असलेल्याला अन्नाजवळ फिरकू द्यायचं नाही. वार्षिक तपासणीचा कागद भिंतीवर लावलेला असतोही. पण तो मार्चमधल्या पोटाबद्दल बोलतो. जुलाब जुलैत होतात.

आपल्याला बाधलं तर कुणाकडे बोट दाखवायचं? बहुतेक जण शेवटी खाल्लेल्या पदार्थाकडे दाखवतात, आणि तिथेच फसतात. स्टॅफिलोकॉकसचा दणका काही तासांत बसतो, तेव्हा शेवटच्या जेवणावरचा संशय योग्य. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात, म्हणजे काल किंवा परवाचं खाणं आठवावं लागेल. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी उगवतो. हिपॅटायटिस ए तर सरासरी चार आठवडे घेतो, आणि ज्या कामगाराकडून तो येतो त्याचे डोळे पिवळे व्हायच्या आधीच तो सगळ्यात जास्त पसरत असतो. जुलाब-उलट्यांत डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली तर ती टाळू नका, बिल किंवा अ‍ॅपमधली ऑर्डर पुसू नका, आणि सोबत खाल्लेल्यांना फोन करून विचारा. एकट्याची तक्रार ‘तुमचंच पोट नाजूक’ म्हणून उडवून लावता येते. एकाच दिवशी एकाच काउंटरवर खाल्लेल्या पाच जणांची तक्रार बिलांसह वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेली, तर निरीक्षकाला कुठल्या दिवसाचा हजेरीपट मागायचा ते कळतं.