कोच कुणाचा?

बडोद्यात कोच म्हटलं की आधी क्रिकेटच आठवतं. पण मी बोलतोय मदतसंस्थेच्या प्रमुखाच्या कोचबद्दल, जो सल्ला न देता प्रश्न विचारतो. कारभाऱ्याला घडवायची खटपट इथे तशी जुनी आहे. मे १८७५ मध्ये कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक आला, सयाजीराव झाला आणि इंग्रज सरकारने त्याला शिकवायला एफ. ए. एच. इलियट यांना नेमलं. १८८१ मध्ये दिवाण सर टी. माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. त्याच डिसेंबरात महाराजांच्या हाती अधिकार आले. शिष्य नामी निघाला. तरी हे शिकवणं होतं, कोचिंग नव्हे. आणि गुरू नेमणारा गादीच्याही वरचा होता.

आजचं कोचिंग आलं टेनिसमधून. जाळ्यापलीकडच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा आपल्या डोक्यातला भारी पडतो, असं १९७४ मध्ये अमेरिकन टेनिस प्रशिक्षक टिमोथी गॅलवे यांनी मांडलं. जॉन व्हिटमोर यांनी ते कंपन्यांत नेलं.

मदतसंस्थांना मात्र बराच काळ तळमळ पुरेशी वाटायची. १९९४ मध्ये रवांडाचे निर्वासित शेजारच्या झाईरमधल्या (आजचं काँगो) गोमा शहराजवळच्या छावण्यांत कॉलऱ्याने हजारोंनी मेले, तेव्हा तिथे संस्थांची मुळीच वाण नव्हती. १९९७ पासून ‘स्फिअर’ ही आपत्तीतल्या मदतीची किमान मानकं आखली जाऊ लागली: माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, वगैरे. ते पाणी पोचवणारा पुढे संचालक होतो. टँकरचं गणित त्याला तोंडपाठ. काम दुसऱ्यावर सोपवणं कुणी शिकवलेलंच नसतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदी घरांत शिरली, तेव्हा आमच्या छोट्या ट्रस्टचे प्रमुख रात्री अकरा वाजता खिचडीची पाकिटं मोजत बसले होते. पुढे कोचने त्यांना एवढंच विचारलं, "काका, पाकिटं तुम्हीच का मोजत होतात?" काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मोजताना दुसरा विचार करावा लागत नाही." सल्ला कुणी दिला नाही. त्यानंतरच्या पुरात मोजणी दोन कॉलेजच्या पोरींकडे होती.

हे जमलं, कारण तो कोच ट्रस्टींपैकी कुणाचा माणूस नव्हता आणि ऐकलेलं बाहेर नेत नव्हता. माझ्या मते निम्मं यश इथेच ठरतं. ओळखीच्या एका संस्थेत कोचची फी देणगीदाराने भरली आणि तीन बैठकींनंतर अहवाल मागितला. चौथ्या बैठकीत संचालिकाबाई तासभर फक्त पावसाबद्दल बोलल्या.