पडद्यावरचे कोटणीस आणि भैय्या चौकातले कोटणीस

चीनच्या युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणिसांवर भाचीला शाळेत भाषण करायचं होतं. 10 ऑक्टोबर, त्यांची जयंती. सोलापुरात हा विषय कुणा ना कुणा पोराच्या वाट्याला येतोच. कागद माझ्यापुढे ठेवून तिनं पहिल्याच ओळीवर बोट टेकवलं. "मामा, इथं द्वारकानाथ शांताराम कोटणीस लिहिलंय. म्हणजे पिक्चर काढणारे व्ही. शांताराम हे डॉक्टरांचे वडील का?"

नाव वाचून कुणाचीही अशी गल्लत होईल. डॉक्टरांच्या वडिलांचं नाव शांताराम, ते सोलापूरचे. सिनेमावाले शांताराम कोल्हापूरचे, आडनाव वणकुद्रे, जन्म 1901 चा. दोघांचं नातं काही नाही. पण 1946 साली ह्याच वणकुद्र्यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला, दिग्दर्शन केलं आणि कोटणिसांची भूमिकाही स्वतःच केली. तेव्हापासून आपल्याकडे दोन कोटणीस नांदतात. एक पडद्यावरचे, एक भैय्या चौकातल्या घरातले. ते घर आता स्मारक आहे. मला खटकतं ते एवढंच, की गावात बोलताना लोक बहुतेक वेळा पडद्यावरच्यांची गोष्ट सांगतात आणि नाव मात्र घरातल्यांचं घेतात.

वयाचंच बघा. कोटणीस 1938 साली चीनला निघाले तेव्हा अजून अठ्ठाविसाचेही झाले नव्हते आणि वारले ते बत्तिसाव्या वर्षी. सिनेमा आला तेव्हा शांतारामबापूंनी चव्वेचाळिशी गाठली होती. त्यामुळे कोटणीस म्हटलं की डोळ्यांपुढे भारदस्त, मुरलेला माणूस उभा राहतो. खरे कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण डॉक्टर होते. ते कॉलेज परळला, आणि बापूंचा राजकमल स्टुडिओही परळलाच. ज्या भागात खरे कोटणीस शिकले, तिथल्याच स्टुडिओनं पुढे पडद्यावरचे कोटणीस घडवले, हे मला फार हृद्य वाटतं.

सिनेमाची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून आली. एक जण परत आलाच नाही, अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. पटकथेत अब्बास यांच्या जोडीला आपले व्ही. पी. साठे होते, संगीत वसंत देसाईंचं. हिंदीबरोबर इंग्रजी आवृत्तीही निघाली. पुस्तकाच्या नावात मात्र तसूभरही खोट नाही. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर तिकडून मदतीची हाक आली आणि सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचं पथक गेलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. चौघे परतले.

इथपर्यंत दोन्ही कोटणीस हातात हात घालून चालतात. वाटा फुटतात त्या मरणापाशी.

पडद्यावरचे कोटणीस जपानी सैनिकांच्या तावडीत सापडतात, सुटतात, प्लेगच्या साथीवर इलाज शोधतात आणि शेवटी त्याच रोगानं जातात. भाचीच्या कागदावर हेच होतं, 'प्लेगशी झुंजताना वीरमरण'. माझी आजीही हेच सांगायची. तिच्या पिढीनं प्लेगचं नाव घरोघरी ऐकलेलं, त्यामुळे तिला ते लगेच पटलं असणार.

खऱ्या कोटणिसांना प्लेग झाला नव्हता. 9 डिसेंबर 1942 ला ते अपस्मारानं गेले. साध्या भाषेत, फिट येऊन. दुखणं सुरू झाल्यावरही त्यांनी काम सोडलं नव्हतं. त्याआधी 1940 च्या लढाईत त्यांनी सलग 72 तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, त्या एका लढाईतल्या 800 च्या वर जखमींवर उपचार केले. वडील वारल्याची बातमी तिकडे कळली, तरी ते परत फिरले नाहीत.

मरणाच्या बाबतीत आणखी एका डॉक्टरांचं नाव मध्ये येतं. कोटणिसांसारखेच चीनमध्ये जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली, विष रक्तात भिनलं आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते गेले. त्यांच्याच नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे कोटणीस 1941 साली प्रमुख झाले. रुग्णाची सेवा करता करता संसर्ग होऊन मरण, हे बेथ्यून यांच्या बाबतीत खरं आहे. ते कोटणिसांना चिकटवायचं कारण नाही.

सिनेमावाल्यांनी तसं का केलं असावं, हे समजू शकतं. प्लेग हा शत्रू दाखवता येतो, त्याच्याशी लढाई रंगवता येते. फिट दाखवायची म्हणजे अवघड. आपल्याकडे तर फिट येते हे लोक अजून लपवतात, मुलीचं असेल तर जास्तच. म्हणूनच मला खरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. भाचीनं ती ऐकली आणि थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या वर्गात एकीला येते फिट. ती सहलीला येत नाही." पुढे मी काही बोललो नाही.

बायकोच्या बाबतीत पडदा आणि सत्य पुन्हा जवळ येतात. क्वो छिंगलान तिथल्या परिचारिका. त्यांचं कोटणिसांशी लग्न झालं 1941 मध्ये. पडद्यावर ही भूमिका जयश्रीबाईंनी केली, आणि बापूंचं-जयश्रीबाईंचं लग्नही 1941 चंच. सिनेमाच्या शेवटी मरणाच्या दारातले कोटणीस बायकोला घरी कसं जायचं, तिथं तिचं स्वागत कसं होईल ते सांगत राहतात आणि आपल्याला ती बाळाला घेऊन पोचलेली दिसते. मी तो प्रसंग कितीदा पाहिला असेल, दर वेळी घसा दाटतो.

प्रत्यक्षात सिनेमा आला त्या साली छिंगलान चीनमध्येच होत्या. त्या भारतात आल्या त्या पुढे, पाहुण्या म्हणून, एकदा नव्हे अनेकदा. 2012 साली त्या चीनमध्येच वारल्या. वडील गेले तेव्हा बाळ साडेतीन महिन्यांचं होतं. नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. कोटणिसांच्या स्वतःच्या चिनी नावातही, ख तीह्वामध्ये, तोच ह्वा आहे. पोरगा मोठा झाला, वडिलांसारखाच वैद्यकी शिकायला गेला आणि 1967 साली, डॉक्टर व्हायला थोडकंच राहिलेलं असताना वारला. हे कुठल्याच शेवटच्या प्रसंगात नाही.

भाचीनं प्लेगची ओळ खोडली. तिथं काय लिहायचं ह्यावर आमची बरीच चर्चा झाली. मी 'अपस्मार' सुचवला. तिनं मान हलवली. "वर्गात कुणाला कळणार नाही, मामा," म्हणाली आणि पेननं नीट, मोठ्या अक्षरात 'फिट' लिहिलं.