उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक : कॅथोलिक शाळेतील शेजारशेजारची दोन पदे

सोलापुरातील एखाद्या कॉन्व्हेंट शाळेत मुलाची तक्रार किंवा फीच्या सवलतीचा अर्ज घेऊन गेलेल्या पालकाला शिपाई कधी ‘सुपरवायझर मॅडमना भेटा’ असे सांगतो, तर कधी ‘व्हाइस प्रिन्सिपल सरांना भेटा’ असे सांगतो. आणि दोघांच्याही खोल्या मुख्याध्यापकांच्या केबिनला लागूनच असल्यामुळे, एकाच कामाची ही दोन नावे असावीत अशी त्याची समजूत होते. नव्याने रुजू झालेले शिक्षकही या बाबतीत बराच काळ संभ्रमात असतात, कारण वरवर पाहता दोन्ही पदांवरील व्यक्ती तास घेतात, व्हरांड्यातून फिरतात आणि उशिरा येणाऱ्या मुलांना फाटकाशी अडवतात. प्रत्यक्षात पर्यवेक्षकाकडे शाळेच्या एका भागातील अध्यापनाची देखरेख सोपवलेली असते, तर उपमुख्याध्यापकाकडे मुख्याध्यापकाच्या अधिकारातील वाटा असतो आणि मुख्याध्यापक नसताना संपूर्ण शाळा असते. कॅथोलिक शाळेत हा फरक इतर खासगी शाळांपेक्षा अधिक ठळक होतो, आणि त्याचे मूळ तेथील मुख्याध्यापकपद ज्या पद्धतीने भरले जाते त्या पद्धतीत आहे.

महाराष्ट्रातील खासगी शाळांतील नेमणुका, सेवाज्येष्ठता आणि शिस्तभंगाची कार्यवाही या सर्व गोष्टी १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीचा अधिनियम आणि १९८१ ची त्याखालील नियमावली यांनुसार चालतात, आणि हा कायदा अनुदानित तसेच विनाअनुदानित अशा दोन्ही प्रकारच्या शाळांना लागू आहे. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक ही तिन्ही पदे या चौकटीत स्वतंत्रपणे ओळखली जातात. अनुदानित शाळेत यांपैकी कोणती पदे मंजूर होतील हे शाळेच्या आकारावर आणि दरवर्षीच्या संचमान्यतेवर (विद्यार्थीसंख्येनुसार शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या संख्येवर) ठरते. त्यामुळे काही शाळांत केवळ पर्यवेक्षक असतो, तर मोठ्या शाळेत दोन्ही पदे दिसतात. शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले असतील तर उपप्राचार्य हे आणखी एक पद येते. ते कनिष्ठ महाविद्यालयापुरते असते, उपमुख्याध्यापक माध्यमिक विभागाचा असतो.

पर्यवेक्षकाचे काम समजण्यास सोपे आहे, कारण ते वर्गाच्या आसपासच राहते. त्याच्याकडे बहुधा पाचवी ते सातवी किंवा आठवी ते दहावी असा एखादा गट, नाहीतर सकाळचे वा दुपारचे सत्र असते. त्या गटातील शिक्षकांच्या टाचण वह्या तपासणे, पाठ निरीक्षण करून लॉगबुकमध्ये नोंद करणे, रजेवर असलेल्या शिक्षकाचे तास दुसऱ्याला लावून देणे, घटक चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका वेळेवर जमा करून घेणे आणि उत्तरपत्रिकांची तपासणी मार्गी लावणे, ही त्याची रोजची कामे होत. एखादा शिक्षक वारंवार उशिरा येत असेल, तर पर्यवेक्षक त्याला तोंडी समज देतो आणि ती बाब वर कळवतो. मात्र ज्ञापन (लेखी मेमो) काढण्याचा अधिकार त्याचा नसतो. केंद्रीय मंडळांशी संलग्न असलेल्या इंग्रजी शाळांत हेच काम करणाऱ्याला कोऑर्डिनेटर म्हणण्याची पद्धत आहे.

उपमुख्याध्यापकाचे काम मात्र एका वाक्यात बसत नाही, आणि त्याच्या पदाविषयीच्या गोंधळाचे ते एक कारण आहे. संपूर्ण शाळेचे वेळापत्रक, वार्षिक नियोजन, सर्व विभागांच्या परीक्षा, शिस्त, पालकांच्या गंभीर तक्रारी, पर्यवेक्षकांकडून आलेले अहवाल आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागाकडे जाणाऱ्या माहितीची पडताळणी, या सर्व गोष्टी त्याच्याकडून होऊन मुख्याध्यापकाच्या टेबलावर जातात. वार्षिक नियोजनाचेच उदाहरण घेतले तर सोलापुरातील उपमुख्याध्यापकाला जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्या धरून सराव परीक्षा बसवाव्या लागतात, मार्च उजाडताच उन्हामुळे शाळा सकाळची करण्याचा विचार करावा लागतो, आणि शाळा संत जोसेफ यांच्या नावाची असेल तर १९ मार्चचा त्यांचा सण दहावीच्या परीक्षेच्या आसपासच येतो, त्यामुळे तो साजरा कधी व कसा करायचा हेही आधीच ठरवून ठेवावे लागते. ही तीन निरनिराळ्या स्वरूपाची बंधने आहेत. पहिले गावाचे, दुसरे हवामानाचे आणि तिसरे चर्चचे. पर्यवेक्षकाला ठरलेले वेळापत्रक मिळते आणि तो ते आपल्या गटात राबवतो. ही बंधने एकमेकांशी जुळवण्याचे काम त्याच्याकडे येत नाही.

याहूनही महत्त्वाचा भाग मुख्याध्यापकाच्या अनुपस्थितीचा आहे. मुख्याध्यापक दोन दिवस रजेवर गेले तर दैनंदिन निर्णय उपमुख्याध्यापक घेतो, आणि याबद्दल शाळेत कोणाला शंका नसते. परंतु पद दीर्घकाळ रिक्त राहिले, म्हणजे मुख्याध्यापक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले किंवा त्यांची बदली झाली आणि नवे मुख्याध्यापक येण्यास विलंब लागला, तर केवळ ‘प्रभारी’ म्हणवून घेणे पुरेसे ठरत नाही. अनुदानित शाळेची वेतनदेयके व कोषागाराशी संबंधित कागद यांवर सही करण्यासाठी संस्थेला प्रस्ताव पाठवून शिक्षणाधिकाऱ्यांकडून स्वाक्षरीचे अधिकार मंजूर करून घ्यावे लागतात. ही मंजुरी रखडली की शिक्षकांचे पगार रखडतात, आणि तेव्हा कुठे शाळेतील सर्वांना उपमुख्याध्यापक हे पद नेमके कशासाठी असते याची जाणीव होते.

आता कॅथोलिक शाळेचे वेगळेपण पाहू. सर्वसाधारण खासगी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकपद पात्रता असलेल्या आणि समाधानकारक सेवा-नोंद असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला द्यावे लागते. अल्पसंख्याक शाळेसाठी मात्र १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ३ मध्येच अपवाद आहे. अशा शाळेचा मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने ज्यांची नावे शिक्षण संचालकांना किंवा उपसंचालकांना कळवली आहेत असे जास्तीत जास्त तीन अन्य कर्मचारी, यांच्या भरतीला हा अधिनियम लागू होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा जो हक्क दिला आहे, त्याच्याशी हा अपवाद सुसंगत आहे. परिणामी कॅथोलिक शाळेच्या मुख्याध्यापकपदी संबंधित धर्मप्रांताचे (एका बिशपांच्या अधिकाराखालील प्रदेशाचे) एखादे धर्मगुरू किंवा एखाद्या धर्मसंघाच्या धर्मभगिनी नेमल्या जाऊ शकतात, आणि अनेक ठिकाणी तसे होते. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येते. त्यामुळे येथील शाळेत आज असलेले फादर किंवा सिस्टर काही वर्षांनी दुसऱ्या गावी जातात आणि त्यांच्या जागी नवी व्यक्ती येते.

माझ्या मते कॅथोलिक शाळेतील उपमुख्याध्यापकाचे खरे महत्त्व या बदल्यांमुळे निर्माण होते. नव्या सिस्टरना शाळा चालवण्याचा अनुभव भरपूर असला, तरी पूर्व भागातील पद्मशाली घरांतून येणाऱ्या मुलांच्या पालकांशी तेलुगूत कोण बोलू शकेल, अक्कलकोटकडून येणारी मुले कोणत्या गाडीने येतात, कोणत्या शिक्षकाच्या सेवापुस्तकातील नोंद अपुरी राहिली आहे, मागच्या वर्षी कोणत्या वर्गात वाद झाला आणि तो कसा मिटला, हे त्यांना कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारी व्यक्ती बहुधा त्याच शाळेत वीस-पंचवीस वर्षे काढलेली, प्रापंचिक आणि पुष्कळदा बिगर-ख्रिस्ती अशी उपमुख्याध्यापक असते. पर्यवेक्षकालाही शाळेचा इतिहास ठाऊक असतो, पण तो आपल्या गटापुरता. शिवाय मुख्याध्यापकांच्या निर्णयाला बंद दाराआड विरोध करणे आणि बाहेर आल्यावर तोच निर्णय स्वतःचा असल्यासारखा शिक्षकांसमोर मांडणे, ही अवघड कसरत पर्यवेक्षकाला सहसा करावी लागत नाही.

धर्माशी संबंधित जबाबदारीतही दोन पदे वेगळी होतात. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यानुसार, सक्षम चर्च-अधिकाऱ्याच्या संमतीवाचून कोणतीही शाळा ‘कॅथोलिक शाळा’ हे नाव धारण करू शकत नाही, धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांची नेमणूक किंवा मान्यता हा बिशपांच्या कक्षेतील विषय आहे, आणि कॅथोलिक शाळेतील शिक्षण त्या परिसरातील इतर शाळांच्या तोडीचे तरी असले पाहिजे, याची काळजी शाळाप्रमुखांनी घ्यायची आहे. दुसऱ्या बाजूने, राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार शासनमान्य किंवा शासकीय निधीतून सहाय्य मिळणाऱ्या संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्यावर त्याच्या स्वतःच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. बहुसंख्य विद्यार्थी हिंदू, मुस्लिम किंवा लिंगायत कुटुंबांतून आलेले असताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळापत्रकात बसवणे हे उपमुख्याध्यापकाचे काम होय. म्हणून कॅथोलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास ज्या वेळेला असतो, त्याच वेळेला इतरांना मूल्यशिक्षणाचा तास ठेवण्याची पद्धत पडली आहे. त्या तासाला शिक्षक हजर आहेत की नाहीत, हे पर्यवेक्षक पाहतो. (सोलापुरातील मिशनची प्रत्येक शाळा कॅथोलिक नसते, हे येथे सांगितले पाहिजे, अमेरिकन मराठी मिशनचे कार्य या शहरात एकोणिसाव्या शतकापासूनचे असून ते प्रोटेस्टंट परंपरेतले आहे, आणि तेथे पुणे धर्मप्रांताच्या बिशपांचा काही संबंध येत नाही.)

इंटरनेटवर ‘असिस्टंट प्रिन्सिपल’विषयी जी माहिती सापडते ती मुख्यतः अमेरिकेतील असते आणि येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथील धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) शाळेत प्रिन्सिपलवर त्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचा अधिकार असतो, धर्मप्रांताच्या शिक्षण कार्यालयाचे प्रमुख सुपरिटेंडेंट असतात, आणि असिस्टंट प्रिन्सिपल सामान्यतः वार्षिक कराराने नेमला जातो. शिस्त, वेळापत्रक, शिक्षकांचे मूल्यमापन, जेवणाच्या सुटीतील देखरेख अशी आपल्याकडे उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांच्यात विभागलेली कामे तेथे त्या एकाच व्यक्तीकडे असतात. नोकरीच्या संरक्षणाचा फरक तर फारच मोठा आहे. कॅलिफोर्नियातील कॅथोलिक शाळांच्या दोन शिक्षिकांच्या प्रकरणांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा निर्णय दिला की, ज्या शिक्षकांवर धर्मशिक्षणाची जबाबदारी सोपवलेली आहे त्यांच्या नोकरीविषयक वादांत न्यायालयांनी हस्तक्षेप करू नये. आपल्याकडे अल्पसंख्याक शाळेला मिळालेली सूट भरतीपुरती आहे. त्या शाळेतील कर्मचाऱ्याला बडतर्फ केले, तर शाळा न्यायाधिकरणाचे दार त्याच्यासाठी उघडे असते.

पालकांच्या दृष्टीने व्यवहारात एवढे लक्षात ठेवले तरी पुरे की, एखाद्या विषयाचा अभ्यास मागे पडला आहे, वह्या तपासल्या जात नाहीत, चाचणीचे गुण चुकीचे मोजले गेले आहेत, अशा गोष्टींसाठी वर्गशिक्षकानंतर पर्यवेक्षकांकडे जावे. दोन वर्गांमधील भांडण, एखाद्या शिक्षकाच्या वागणुकीविषयीची तक्रार, वर्ग बदलून घेणे, आजारपणामुळे परीक्षेत सवलत मागणे ही कामे उपमुख्याध्यापकांची आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि जनरल रजिस्टरमधील दुरुस्तीवर सही मुख्याध्यापकांचीच लागते, आणि प्रवेश व फीची सवलत यांविषयीचा धोरणात्मक निर्णय बहुधा शाळेचे व्यवस्थापक फादर किंवा व्यवस्थापन समिती घेते; तेथे उपमुख्याध्यापकांना कितीही गळ घातली तरी ते फार तर शिफारस करू शकतात. लैंगिक गैरवर्तनाची तक्रार मात्र या सर्व पायऱ्यांच्या बाहेरची आहे. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याचे समजलेल्या प्रत्येक व्यक्तीवर तो पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवण्याची सक्ती आहे. त्यामुळे ‘मी वर कळवले’ असे म्हणून पर्यवेक्षकही मोकळा होऊ शकत नाही आणि उपमुख्याध्यापकही नाही.

शिक्षकांमध्ये आढळणारा गैरसमज वेगळा आहे. पर्यवेक्षक झालेला शिक्षक पुढे आपोआप उपमुख्याध्यापक आणि कालांतराने मुख्याध्यापक होणार, असे गृहीत धरले जाते. पदोन्नतीसाठी महत्त्वाची असते ती नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ नुसार ठरलेली सेवाज्येष्ठता, आणि संस्थेच्या एकाहून अधिक शाळा असतील तर मुख्याध्यापकपदासाठी त्या सर्व शाळांतील शिक्षकांचा विचार होतो. त्यामुळे सोलापुरातील रिक्त पदावर दुसऱ्या गावच्या शाळेतील ज्येष्ठ शिक्षकाचा दावा असू शकतो. कॅथोलिक शाळेत याच्या जोडीला कलम ३ मधील तीन नावांचा प्रश्न येतो. उपमुख्याध्यापक म्हणून नेमलेल्या व्यक्तीचे नाव त्या तिघांमध्ये रीतसर कळवलेले असेल, तर तिच्या भरतीविरुद्ध सेवाज्येष्ठतेचा मुद्दा टिकणे कठीण जाते. नाव कळवलेले नसेल, तर शाळा अल्पसंख्याक आहे एवढ्यावरून ज्येष्ठता डावलता येत नाही, आणि डावलल्या गेलेल्या शिक्षकाला त्याच अधिनियमाच्या कलम ९ खाली ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. म्हणून अशा पदोन्नतीबाबत तक्रार असलेल्या शिक्षकाने सर्वप्रथम, संस्थेने पुण्याच्या विभागीय उपसंचालकांकडे किंवा संचालकांकडे कोणती नावे आणि कोणत्या तारखेला कळवली होती, याची प्रत मागवून घ्यावी.