दोन वर्षांची अट : अमेरिकी विनिमय फेलोशिप आणि भारतीय प्राध्यापक

फुलब्राइट-नेहरू या सरकारी शैक्षणिक विनिमय फेलोशिपवर अमेरिकेला निघालेल्या भारतीय प्राध्यापकाच्या पासपोर्टात विनिमय अभ्यागतांच्या जे-१ व्हिसाचा जो कागद चिकटवलेला असतो, त्यावर बारीक अक्षरांत एक ओळ असते : धारकास कलम २१२ (ई) लागू आहे, दोन वर्षांचा नियम लागू होतो. म्हणजे अमेरिकेत नोकरीचा व्हिसा किंवा कायम वास्तव्य हवे असेल, तर त्याआधी दोन वर्षे स्वदेशात राहण्याची अमेरिकी स्थलांतर कायद्याची अट. अनेकांचे या ओळीकडे लक्ष जाते ते परत आल्यानंतर, आणि तेव्हा तिच्याविषयी स्टाफरूममध्ये जे सांगितले जाते त्यातले बरेचसे चुकीचे असते. निवडीचे निकष, अर्जाच्या तारखा किंवा संशोधन प्रस्ताव कसा लिहावा याची माहिती इच्छुकांना सहज मिळते, म्हणून ती येथे पुन्हा दिलेली नाही. ही ओळ कोठून आली आणि तिच्यामुळे भारतीय अध्यापकांच्या या वाटेला कोणता आकार आला, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

मदतीला परतीची अट जोडण्याची कल्पना अमेरिकी नव्हे. बडोदे संस्थानाने १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलेल्या ज्या विद्यार्थ्याने पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले, त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली होती, आणि तिच्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेण्यात आला होता. १९१७ मध्ये ते करार पाळण्यासाठी बडोद्यात आले, तर जातीमुळे त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडून मुंबई गाठावी लागली. परत येणाऱ्याकडून करार लिहून घेतला गेला. त्याला ठेवून घेण्याचा करार मात्र कोणी लिहून दिला नव्हता.

अमेरिकी कार्यक्रमाची सुरुवात मोडीत काढलेल्या युद्धसामग्रीतून झाली. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याची वाहने, यंत्रे आणि इतर साठा जगभर पडून होता. तो घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते आणि त्यांचे स्थानिक चलन अमेरिकेत नेऊन काही उपयोग नव्हता. तेव्हा ते चलन त्या त्या देशातच ठेवून शैक्षणिक देवाणघेवाणीवर खर्च करावे, अशी दुरुस्ती आर्कान्साचे सिनेटर फुलब्राइट यांनी युद्धातील शिल्लक मालमत्तेविषयीच्या १९४४ च्या कायद्यात सुचवली, आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी तिच्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. एका देशासाठी वर्षाला १० लाख डॉलर आणि एकूण २ कोटी डॉलर एवढी मर्यादा होती. भारताशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताक होऊन आठवडा लोटला असताना. त्यावर पंतप्रधानांनी आणि अमेरिकी राजदूतांनी सह्या केल्या.

या उगमाचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. निधी रुपयांत होता, आणि रुपयांनी अमेरिकेतील खोलीचे भाडे देता येत नव्हते. भारतात येणाऱ्या अमेरिकी प्राध्यापकाचा राहण्याजेवणाचा सारा खर्च त्या निधीतून भागे. तिकडे जाणाऱ्या भारतीयाला मात्र मूळ कायद्याखाली मुख्यतः प्रवासखर्च मिळे, ज्याला तेव्हापासून ट्रॅव्हल ग्रँट म्हणतात. उरलेले डॉलर एखाद्या अमेरिकी विद्यापीठाच्या साहाय्यवृत्तीतून, खासगी संस्थेकडून किंवा १९४८ च्या माहिती व शैक्षणिक विनिमय कायद्याखाली मिळणाऱ्या निधीतून जमवावे लागत. एकाच योजनेतले दोन प्रवासी असे पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या वर्गाच्या डब्यात बसले होते.

त्यानंतर गहू आला. १९५१ च्या अन्नटंचाईत अमेरिकेने भारताला १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि त्याच्या व्याजातील पहिले ५० लाख डॉलर विद्वानांच्या येण्याजाण्यासाठी, पुस्तकांसाठी व प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी वापरण्याची तरतूद त्याच कायद्यात केली. अमेरिकी धान्य रुपयांत विकत देणाऱ्या १९५४ च्या पीएल-४८० कायद्याने हाच व्यवहार कित्येक पटींनी वाढवला. रेशनवरचा लाल गहू आणि मिलो ज्वारी ज्यांना आठवते, त्यांना हे नाव वेगळ्या संदर्भात माहीत असेल. पण त्या धान्याच्या बदल्यात साठलेल्या रुपयांवरच भारतविद्येच्या अमेरिकी अभ्यासकांची एक संस्था पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात उभी राहिली, आणि १९६२ पासून मराठीसह भारतीय भाषांतील नवी पुस्तके अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जाऊ लागली. आपल्याकडे न सापडणारे एखादे मराठी पुस्तक शिकागोच्या ग्रंथालयात सापडते, त्यामागे हा गहू आहे. साठलेल्या रुपयांचा मोठा भाग अखेर १९७४ मध्ये १,६६४ कोटी रुपयांच्या एका धनादेशाने भारताला परत करण्यात आला.

आता मूळ अटीकडे. १९४६ च्या उन्हाळ्यात विनिमयाच्या कायद्याआधी महिनाभरच आणखी एका कायद्यावर सही झाली होती, ज्याने भारतीयांना अमेरिकेत स्थलांतराची वाट उघडली, पण वर्षाला फक्त १०० जणांपुरती. त्यामुळे विनिमयावर गेलेल्या भारतीयाला तिथे कायमचे राहावेसे वाटले, तरी तो दरवाजा जवळजवळ बंदच होता. दोन वर्षांची अट अमेरिकी कायद्यात १९५६ साली आली, आणि तिच्या पहिल्या मसुद्यात विनिमयात सहभागी असलेल्या कोणत्याही देशातील वास्तव्य चालत होते. १९६१ च्या परस्पर शैक्षणिक व सांस्कृतिक विनिमय कायद्याने 'जे' वर्गाचा व्हिसा निर्माण केला आणि स्वदेशातील वास्तव्यावर भर देणारे कलम २१२ (ई) आणले. भारतीयांच्या दृष्टीने खरे वळण १९६५ चे आहे. त्या वर्षी देशवार कोटा रद्द करण्याचा कायदा झाला, अमेरिकेचा दरवाजा डॉक्टर, अभियंते आणि संशोधकांना उघडला, आणि तोवर कागदावर असलेली अट अचानक बोचू लागली. बुद्धिगळती हा शब्द आपल्या संपादकीयांत रुळला तो याच काळानंतर.

१९७० मध्ये अट शिथिल झाली. तेव्हापासून ती सरसकट सर्व विनिमय अभ्यागतांना न लागता दोन गटांना लागते : ज्यांचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः, थेट वा आडमार्गाने, अमेरिकी किंवा स्वदेशाच्या सरकारने केला आहे ते, आणि ज्यांच्या ज्ञानशाखेची त्यांच्या देशाला गरज आहे असे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या यादीत नमूद आहे ते. वैद्यकीय पदवीनंतरचे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांचा तिसरा गट १९७६ मध्ये जोडला गेला.

या अटीचा अर्थ 'दोन वर्षे अमेरिकेत पाऊल ठेवता येत नाही' असा लावला जातो. तो चूक आहे. अट लागू असलेला प्राध्यापक दुसऱ्याच महिन्यात पर्यटक व्हिसावर एखाद्या परिषदेला जाऊ शकतो, विद्यार्थी व्हिसा घेऊ शकतो, दुसऱ्या विनिमयाचा अर्जही करू शकतो. त्याला मिळत नाही तो एच किंवा एल वर्गातील नोकरीचा व्हिसा आणि कायम वास्तव्याचा परवाना. तोही स्वदेशात एकूण दोन वर्षे प्रत्यक्ष राहून होईपर्यंतच. ही दोन वर्षे सलग असण्याची गरज नाही, तुकड्यातुकड्यांनी मोजली तरी चालतात. मात्र ती जर्मनीत किंवा सिंगापुरात काढून भागत नाही. सोबत जे-२ व्हिसावर गेलेल्या पतीला किंवा पत्नीलाही ती लागू होते, आणि घरात वाद होतो तो बहुधा येथे.

गोंधळात भर पडते ती दुसऱ्या एका दोन वर्षांच्या नियमाची. जे-१ व्हिसाच्या रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर या वर्गात गेलेल्याचा कार्यक्रम संपला की त्याच दोन वर्गांत पुन्हा येण्यास चोवीस महिन्यांची बंदी आहे. ही बंदी पैसा कोणाचा हे पाहत नाही, भारतात राहून फिटत नाही, केवळ कालगतीने संपते, आणि तिचा कलम २१२ (ई) शी काही संबंध नाही. एकाच व्यक्तीला दोन्ही लागू असू शकतात. एकीतून सूट मिळाली म्हणजे दुसरीतूनही सुटका झाली, असे समजून विभागप्रमुखांनी आणि उमेदवारांनी आखलेली वेळापत्रके कोलमडतात.

सर्वांत गुंतागुंतीचा शब्द मात्र आपल्या बाजूचा आहे. अटीतून सूट मागण्याचा एक मार्ग म्हणजे स्वदेशाच्या सरकारने अमेरिकेला 'आमची हरकत नाही' असे कळवणे. भारतात या कागदाला नोरी म्हणतात. त्या इंग्रजी आद्याक्षरांचा विस्तार 'भारतात परतण्याचे बंधन नाही' असा होतो. मूळ अमेरिकी संज्ञेत बंधन हा शब्दच नाही, कारण बंधन अमेरिकी कायद्याचे आहे आणि ते उठवण्याचा अधिकारही त्याच सरकारचा आहे. भारताने फक्त हरकत नसल्याचे सांगायचे असते. नाव बंधन नसल्याचे पडल्यामुळे दोन्हीकडे गैरसमज झाला : अर्जदाराला वाटते की हे प्रमाणपत्र म्हणजेच सुटका, आणि टेबलामागच्या अधिकाऱ्याला वाटते की आपण देशाच्या एका माणसावरचा हक्क सोडून देत आहोत. परिणामी उच्च शिक्षण विभाग, राज्य शासन आणि पारपत्र कार्यालय अशा तीन ठिकाणांहून संमती गोळा करण्याची पद्धत रूढ झाली, आणि महाराष्ट्रातील अर्जदाराच्या आईवडिलांनी मंत्रालयाच्या फेऱ्या मारणे हा तिचा एक अलिखित भाग होऊन बसला. डॉक्टरांच्या बाबतीत तर भारताने २०११ पासून, वयोवृद्धांसारखे अपवाद वगळता, असे प्रमाणपत्र देणेच थांबवले.

एवढे करूनही सरकारी पैशावर गेलेल्या फुलब्राइट फेलोला या कागदाने सूट मिळणे अवघडच असते, कारण ज्याने पैसा खर्च केला त्या सरकारचे मत येथे जास्त वजनदार ठरते. ही भूमिका गैर आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. विनिमय या शब्दात परत येणे गृहीत आहे. जो परतणार नाही त्याच्यासाठी नोकरीचे आणि स्थलांतराचे वेगळे मार्ग आहेत, आणि सार्वजनिक पैशाची फेलोशिप त्यांपैकी एक मानली जाऊ नये.

जुलै २००८ मध्ये दोन्ही सरकारांनी नवा करार केला आणि खर्चात व कारभारात भारत बरोबरीचा भागीदार झाला. फेलोशिपच्या नावात पहिल्या पंतप्रधानांचे नाव जोडले गेले. फेलोशिप चालवणाऱ्या प्रतिष्ठानाच्या जुन्या नावात भारताचा उल्लेख केवळ 'भारतातील' असा स्थळापुरता होता, नव्यात दोन्ही देश जोडीने आले. या बदलाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते, पण त्याची कायदेशीर बाजू फारशी चर्चिली गेली नाही. कलमात 'स्वदेशाच्या सरकारचा पैसा' हेही कारण असल्याने, भारताने वाटा उचलताच फेलोवरील अटीला दुसरा आधार मिळाला. आता अमेरिकी पैसा हिशेबातून काढून टाकला, तरी अट उरतेच.

जाण्याआधीचा अडथळा मात्र बहुतेकांच्या बाबतीत व्हिसाचा नसून रजेचा असतो. नोकरीत असलेल्या अर्जदाराला, निवड झाल्यास रजा मंजूर होईल अशी मालकसंस्थेची शिफारस जोडावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत कर्तव्य रजा वर्षाला तीस दिवसांपुरती आहे. सबॅटिकल म्हणजे संशोधनासाठीची दीर्घ रजा सात वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ पदांवरील अध्यापकांना मिळते. आणि अभ्यास रजा घेतल्यास परतल्यावर सलग तीन वर्षे सेवेचे बंधपत्र द्यावे लागते. चार ते नऊ महिन्यांची फेलोशिप या तिन्हींपैकी कशात बसवायची, यावर प्राचार्य, संस्थाचालक आणि उच्च शिक्षण सहसंचालकांचे कार्यालय यांच्यात फाइल फिरत राहते, आणि सेवाखंड पडला तर पुढची वेतननिश्चिती व पदोन्नती अडकेल ही धास्ती उमेदवाराला असते ती वेगळीच. घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा तर या नियमांत विचारच नाही. ज्याला रजाच नाही त्याची रजा कोण मंजूर करणार? महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार त्यांच्यावर आहे, तरी निवड झालेल्यांच्या यादीत केंद्रीय संस्था आणि महानगरांतील विद्यापीठेच जास्त दिसतात, त्याचे एक कारण येथे आहे.

९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकी परराष्ट्र खात्याने गरजेच्या ज्ञानशाखांची यादी नव्याने जाहीर केली आणि भारताला तीतून वगळले. केवळ यादीमुळे अट लागलेल्या भारतीय संशोधकांची, आधी गेलेल्यांसह, तिच्यातून सुटका झाली. 'दोन वर्षांची अट गेली' असे संदेश तेव्हा फिरले, पण सरकारी पैशाचा गट जसाच्या तसा असल्याने फुलब्राइट-नेहरू फेलोंना त्याचा उपयोग नव्हता. जून २०२५ मध्ये अमेरिकेतील फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी, निवडीत प्रशासन हस्तक्षेप करत असल्याचा आरोप करत, राजीनामे दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, 'जे' वर्गाच्या व्हिसाधारकांना कार्यक्रम चालेल तोवर राहू देण्याऐवजी चार वर्षांपर्यंतची ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला. बहुतेक भारतीय अध्यापकांची फेलोशिप वर्षभरातच संपत असल्याने त्यांना या मुदतीची झळ थेट लागणारी नाही. त्यांच्या व्हिसावरची ती जुनी ओळ मात्र अजून तशीच छापली जाते.