झिंग्यांवर अडून बसलेलं कासव

‘बाकी कशालाच तोंड लावत नाही हो, फक्त सुके झिंगे खातं.’ पाळीव कासव असलेल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मत्स्यालयाच्या दुकानातून कासवासोबत सुक्या झिंग्यांचा डबाही घरी येतो आणि पुढे वर्षभर तोच पुरतो. कासवाला झिंगे आवडतात, हे खरं. पण बहुतेक वेळा त्याच्या हट्टामागे जिभेची आवड कमी आणि पाण्याचं तापमान, वय, पहिल्या काही महिन्यांची सवय ही कारणं जास्त असतात. ती ओळखली तर हट्ट सुटतो. न ओळखता नुसता झिंग्यांचा मारा चालू ठेवला तर कासव आजारी पडतं, आणि तो आजार दिसायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आपण बोलतोय ते रेड-इअर्ड स्लायडरबद्दल, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेल्या हिरव्या कासवाबद्दल. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. पुण्या-मुंबईत घरोघरी दिसतं ते हेच. स्टार कासव किंवा आपल्या तळ्या-विहिरींतली देशी कासवं पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे त्यांच्या आहाराचा प्रश्न इथे येतच नाही.

कासव खात नाही म्हटल्यावर आधी थर्मामीटर पाण्यात घालावा. कासव शीतरक्ताचं, म्हणजे शरीराची ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते. पचनाची रसायनं आणि आतड्यातले जिवाणू एका ठरावीक उबेतच नीट काम करतात. स्लायडरसाठी पाणी २४ ते २८ अंश सेल्सिअस असावं आणि अंग शेकायला ३० ते ३२ अंशांची कोरडी जागा असावी. पुण्यात किंवा नाशिकमध्ये डिसेंबरच्या रात्री काचेच्या टाकीतलं पाणी सहज २० अंशांच्या आसपास उतरतं. तेव्हा कासवाची भूकच मंदावते. अशा वेळी पालेभाजी नाकारणारं कासव चोखंदळ नसतं, ते गारठलेलं असतं. झिंग्याचा वास तीव्र असल्यामुळे तेवढाच त्याला हलवतो, आणि आपण समजतो की याला झिंगेच हवेत. हीटर लावून आठवडाभर थांबलं तर कित्येक कासवं आपणहून खायला लागतात.

ऊब ठीक असूनही हट्ट टिकला तर सवयीकडे वळायचं. गॉर्डन बर्गहार्ट आणि एकहार्ड हेस या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या स्नॅपिंग कासवाच्या पिल्लांपैकी काहींना सुरुवातीला मांस, काहींना मासे, तर काहींना गांडुळं दिली. पुढे दुसरं अन्न खायला घालून झाल्यावरही, निवड करायची वेळ आली की पिल्लं पहिल्या अन्नाकडे झुकत होती. आयुष्यातला पहिला घास कासवाच्या मनात असा खोल रुततो. तो प्रयोग वेगळ्या जातीवरचा आहे, पण स्लायडर पाळणाऱ्यांचा अनुभव त्याच दिशेने जातो. पिल्लू दुकानात ज्यावर जगलं, तेच त्याला ‘अन्न’ म्हणून ठाऊक असतं. मेथीचं पान त्याला आवडत नाही असं नाही, ते खायचं असतं हेच त्याला माहीत नसतं.

तिसरी गोष्ट वयाची. क्लार्क आणि विट गिबन्स या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये निसर्गातल्या स्लायडरांचा आहार तपासला, तेव्हा लहान पिल्लं मुख्यतः मांसाहारी आणि मोठी कासवं बरीचशी शाकाहारी आढळली. वाढत्या शरीराला आणि घडणाऱ्या कवचाला प्रथिनं भरपूर लागतात, म्हणून पिल्लू किडे, अळ्या, गोगलगायी शोधतं. वाढ मंदावली की पाणवनस्पतींवर भागतं. त्यामुळे बोटभर पिल्लाने पाला नाकारला तर घाबरायचं कारण नाही, पाला समोर ठेवत राहावा. तळहाताएवढं कासव मात्र झिंग्यांवरच जगत असेल तर काळजी करायलाच हवी.

ही काळजी मुख्यतः दोन गोष्टींची, आणि मला वाटतं प्रत्येक पाळणाऱ्याने त्या नीट समजून घ्याव्यात. पहिली, ‘अ’ जीवनसत्त्व. डोळे, नाक, घसा, कान यांच्या आतलं ओलसर अस्तर याच्या जोरावर निरोगी राहतं. सुकवून महिनोन्‌महिने डब्यात ठेवलेल्या झिंग्यांत ते नावालाच उरतं. जन्मतः कासवाच्या शरीरात थोडा साठा असतो, म्हणून पहिले काही महिने सगळं छान दिसतं. साठा संपला की अस्तर कोरडं, जाड होऊ लागतं. पापण्यांजवळच्या ग्रंथींच्या नळ्या तुंबतात आणि डोळे सुजून बंद होतात. कासव अन्न शोधतं ते बरंचसं नजरेने. डोळे मिटले की खाणं थांबतं, खाणं थांबलं की जीवनसत्त्व आणखी घटतं. डोळ्यामागे एका बाजूला कडक गाठ दिसली तर तो कानातला गळू असतो, त्याचंही एक मोठं कारण हेच. एवढ्या सगळ्यावर प्रतिबंध म्हणजे गाजर, लाल भोपळा, गडद हिरवी पानं.

दुसरी, कॅल्शियम. कासवाचं कवच म्हणजे बरगड्या आणि मणक्यांशी एकजीव झालेलं हाडच. आहारात फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम असावं, असं पशुवैद्य सांगतात. चिकनच्या तुकड्यात गणित उलटं असतं, कॅल्शियमच्या पंधरापटींहून जास्त फॉस्फरस. नुसत्या चिकनवर वाढलेल्या कासवाचं शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढून घेतं. मग कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं, पायांत जोर राहत नाही.

नुसतं कॅल्शियम पोटात गेलं म्हणूनही भागत नाही. ते शोषून घ्यायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं, आणि कासवाची कातडी ते तयार करते साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत, म्हणजे यूव्हीबीत. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणजे खिडकीआड ठेवलेल्या टाकीत ऊन पडलेलं दिसतं, पण त्याचा या कामाला उपयोग शून्य. एक तर यूव्हीबीचा खास दिवा लावावा (तो पेटत असला तरी सहा ते बारा महिन्यांत त्यातले हे किरण क्षीण होतात, म्हणून बदलावा लागतो), नाहीतर सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास बाहेर काढावं. बाहेर काढताना अर्ध्या भागावर सावली हवीच. उथळ टबातलं पाणी आपल्या उन्हात बघता बघता तापतं आणि कासव त्यात दगावू शकतं.

कॅल्शियमचा सोपा पुरवठा आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो: समुद्रफेस. हे माकुलाच्या अंगातलं पांढरं, भुसभुशीत कवच, जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्याची मागची कडक पाठ काढून तुकडा पाण्यात तरंगत ठेवला की कासव हवं तेव्हा कुरतडतं. चोच झिजून मापात राहते, तो आणखी एक फायदा.

मग ताटात काय? मोठ्या कासवासाठी निम्म्याहून अधिक पाला, पाव हिस्सा चांगल्या प्रतीच्या गोळ्या म्हणजे पेलेट आणि उरलेला मांसाहार, असा ढोबळ हिशेब धरावा. मंडईतून मेथी, शेवग्याचा पाला, अंगणातली जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, किसलेलं गाजर, भोपळा. पालक, चाकवत, घोळ रोज नको, कारण त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. अळू तर अजिबात नको. कोबी कधीतरी. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे निव्वळ पाणी. दूध, पाव, पोळी, भात हे कासवाचं अन्नच नव्हे. जलपर्णी स्लायडर खातो, पण मुळा-मुठेसारख्या सांडपाण्याच्या नदीतून ती आणू नये, ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून साठवते. मांसाहारात अळ्या, गांडुळं, छोटे अख्खे मासे चालतात. गोल्डफिश आणि कार्प कुळातले अनेक कच्चे मासे मात्र टाळावेत, कारण त्यांतलं थायमिनेज हे विकर ‘ब१’ जीवनसत्त्व मोडून टाकतं.

सवय मोडायची युक्ती कासवाच्या शरीररचनेतच सापडते. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी चार प्रकारच्या असतात, आपल्याला तीनच. भडक रंग त्याचं लक्ष चटकन वेधतात, म्हणून सुरुवात हिरव्या पानाऐवजी गाजर किंवा तांबड्या जास्वंदीच्या पाकळीने करावी. झिंगा बारीक करून पाल्यात कालवावा, म्हणजे घास त्याच्या ओळखीच्या वासाचा लागतो. मग आठवड्यागणिक झिंगा कमी करत जावा. ही सरमिसळ पचनालाही उपकारक ठरू शकते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या कॅरन ब्योर्नडाल यांनी १९९१ मध्ये दाखवलं की, स्लायडरना डकवीड ही टिकलीएवढ्या पानांची पाणवनस्पती किड्यांच्या अळ्यांसोबत दिली, तर ती एकटी दिल्यापेक्षा जास्त चांगली पचते.

भुकेचाही उपयोग करून घ्यावा. मोठ्या स्लायडरला रोज मांसाहार किंवा गोळ्या लागत नाहीत, एक दिवसाआड पुरतं, आणि तेही त्याच्या डोक्याच्या आकाराएवढंच. मधल्या दिवशी समोर फक्त पाला. कासव हात पुढे आला की मान उंच करून धावत येतं, ते पाहून जीव कळवळतो आणि आपण एक झिंगा टाकतोच. तिथे मन घट्ट करावं लागतं. धडधाकट मोठं कासव काही दिवस उपाशी राहिलं तर त्याला धोका नसतो. पिल्लाच्या बाबतीत मात्र हे करू नये. घास नेहमी पाण्यातच द्यावा, कारण पाण्याशिवाय त्याला गिळता येत नाही. खाण्यासाठी वेगळं घमेलं ठेवलं तर टाकी स्वच्छ राहते, पण ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात. मुलांमधल्या याच संसर्गामुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

दर आठवड्याला एका छोट्या वजनकाट्यावर त्याचं वजन करून वहीत लिहावं. वजन स्थिर असेल, डोळे स्वच्छ असतील, ते शेकायला वर चढत असेल, तर हा हट्टच आहे, धीर धरावा. पण डोळे सुजले, नाकातून बुडबुडे आले, पोहताना अंग एका बाजूला कललं किंवा कवच दाबल्यावर लवलं, तर आहाराचे प्रयोग थांबवून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठावा. ‘अ’ जीवनसत्त्वाचे थेंब स्वतःच्या अंदाजाने पाजू नयेत आणि इंजेक्शनचा हट्टही धरू नये. त्याची मात्रा जास्त झाली तर कासवाची कातडी सोलून निघते.