एका प्रश्नाला दीड तास: गणित ऑलिंपियाड आलं कुठून?

आपल्याकडे स्पर्धा परीक्षा म्हटली की चार पर्याय आणि मिनिटाचा हिशेब. शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचं तसं नाही. दोन दिवस, रोज तीन प्रश्न, साडेचार तास, प्रत्येक प्रश्नाला ७ गुण. नुसत्या उत्तरावर भागत नाही, सिद्धता लिहावी लागते.

ही शिस्त जुनी आहे. हंगेरीतल्या गणित-भौतिकी मंडळानं १८९४ साली, शाळा नुकतीच संपवलेल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. तिला नाव दिलं भौतिकशास्त्रज्ञ लोरांद योत्वोश यांचं. तिथेही प्रश्न तीनच असत. पुढे विमानविद्येत मोठं नाव झालेले थिओडोर फॉन कार्मान हे तिच्या सुरुवातीच्या विजेत्यांपैकी एक.

देशादेशांमधली स्पर्धा मात्र १९५९ साली रुमानियात भरली. पूर्व युरोपातल्या गटाचे सात देश आणि ५२ मुलं, एवढाच पसारा. तिचा पहिला प्रश्न मला फार आवडतो: न ही कोणतीही नैसर्गिक संख्या घेतली, तरी (२१न + ४) / (१४न + ३) हा अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपातच असतो, हे सिद्ध करा. वरच्या संख्येची दुप्पट करा, ४२न + ८. खालचीची तिप्पट करा, ४२न + ९. फरक १. दोघींना भागणारी संख्या या १ लाही भागणारच, म्हणजे ती १ शिवाय दुसरी असूच शकत नाही. संपलं! आठवीतल्या मुलाला हे समजतं. सुचायला मात्र निवांत वेळ हवा, आणि तो वेळ ही स्पर्धा देते.

पुढे १९६७ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, इटली, स्वीडन आले, १९७४ मध्ये अमेरिका. १९८० साली स्पर्धा झालीच नाही. इराणच्या मरियम मिर्झाखानी यांनी १९९४ मध्ये ४२ पैकी ४१ आणि पुढच्या वर्षी पूर्ण ४२ गुण मिळवले. २०१४ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळवणारी ती पहिली स्त्री.

भारत १९८९ पासून उतरतो. सातच वर्षांनी, १९९६ मध्ये, यजमानपद मुंबईकडे आलं आणि ७५ देशांचे संघ इथे आले. संघनिवडीचं काम मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. पहिल्या चाळणीत फक्त उत्तराचा आकडा भरायचा असतो. विभागीय फेरीपासून सिद्धता सुरू होते, आणि भरभर आकडे काढायची सवय असलेली पुष्कळ हुशार मुलं तिथेच अडखळतात. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथला भारतानं चार सुवर्णपदकं घेतली आणि चौथा क्रमांक मिळवला.