युरेनियमला कल्हई

अणुबॉम्बचा विषय निघाला की सगळे ओपेनहायमर आणि समीकरणांवर येऊन थांबतात. पण १९४४ मधे अमेरिकेत हॅनफर्डला, जिथे बॉम्बसाठी रिअ‍ॅक्टरमधे युरेनियमपासून प्लुटोनियम बनवायचं होतं, तिथे ड्युपाँट या केमिकल कंपनीच्या इंजिनिअर लोकांना रडकुंडीला आणलं होतं ते एका अ‍ॅल्युमिनियमच्या डबीने.

आत युरेनियमचा दंडगोल, साधारण ८ इंच लांब, वजन साडेतीन-चार किलो. असे हजारो दंडगोल रिअ‍ॅक्टरच्या २००४ नळ्यांमधे ओळीने सरकवायचे आणि बाजूने कोलंबिया नदीचं पाणी खेळवायचं. आता युरेनियम पाण्यात मस्त गंजतं, म्हणजे डबीला टाचणीएवढं भोक पडलं तरी आत पाणी शिरणार, दंडगोल फुगून नळीत अडकणार, वर किरणोत्सर्गी घाण पाण्यात मिसळणार आणि ते पाणी जाणार परत नदीतच.

बरं, नुसतं घट्ट झाकण लावून भागत नाही. डबी आणि युरेनियम यांच्यामधे हवेची फट राहिली की तिथली उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे मधली जागा धातूनेच भरायला हवी. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा रस वापरला, पण तो ठेवायचा ६०० अंशांच्या आसपास आणि डबीचं अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० ला! जरा गडबड झाली की डबीच गायब. म्हणून डबीला बाहेरून स्टीलची नळी घालायचे.

शेवटी जमलं ते तीन बुडव्यांचं तंत्र: आधी वितळलेल्या ब्राँझमधे, मग कथिलात (जास्तीचं ब्राँझ निघून जायला), मग त्या रसात आणि तिथेच डबीत बंद. मला तर हे वाचताना गल्लीतला कल्हईवालाच आठवला. तपासणीही भारी होती, दंडगोलावर बर्फासारखा पांढरा थर द्यायचा आणि तापवायचं, जिथे आत चिकटलेलं नाही तिथला थर आधी वितळतो. शिवाय वाफेच्या दाबाखाली ठेवून भोकं शोधायची ती वेगळीच.

आपल्याकडे ट्रॉम्बेला सायरस हा संशोधन रिअ‍ॅक्टर १९६० मधे सुरू झाला, त्यातही युरेनियम धातू आणि वर अ‍ॅल्युमिनियम. डिझाइन कॅनडाचं, पण पहिल्या भरणीतलं निम्मं इंधन ट्रॉम्बेलाच बनलेलं. तारापूरच्या वीजकेंद्रात मात्र अ‍ॅल्युमिनियम चालण्यासारखं नव्हतं, तिथलं पाणी फारच तापतं, म्हणून झिर्कोनियमची मिश्रधातू आली. तिची वेगळीच कटकट, झिर्कोनियमबरोबर खनिजात हाफ्नियम येतं, ते रिअ‍ॅक्टर चालू ठेवणारे न्यूट्रॉन गटागटा गिळतं आणि गुणधर्म इतके सारखे की दोघांना वेगळं करता करता नाकी नऊ येतात.